माती, मुरूम की गालिचा?

सर्वप्रथम गाडी विकत घ्या. ती कुठे चालवायची याचा विचार नंतर करायचा, ही रिमोटच्या ऑफ-रोड रेसिंगची जुनी परंपरा आहे आणि नवशिक्याने पहिल्याच दिवशी ती मोडू नये. एकास दहा मापाची इलेक्ट्रिक बग्गी घरी आली, लिपो बॅटरी चार्ज झाली, की थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उतरा. पेव्हर ब्लॉकवर टायरचे रबरी काटे भराभर झिजतात. पण काळजी नको, ते पुरते संपायच्या आत सेक्रेटरी खाली येतात.

मग जमीन शोधायला लागा.

काळी माती आपल्याकडे मुबलक, म्हणून मोहात पाडते. तिच्या नादी लागू नका. बग्गीचं चाक जेमतेम आठ-साडेआठ सेंटिमीटर उंचीचं, आणि एप्रिलमधल्या भेगेत ते आरामात अडकतं. पाऊस पडला की तीच माती फुगते, टायरच्या काट्यांमध्ये भरते, आणि दुसऱ्या लॅपला गाडी कमी नि चिखल जास्त दिसतो. कोकणातली तांबडी माती स्वभावाने बरी. फक्त तिचा धुरळा बेअरिंगमध्ये, चाकं वळवणाऱ्या सर्व्होमध्ये आणि तुमच्या पांढऱ्या शर्टात कायमचा मुक्काम करतो.

मुरूम या दोघींपेक्षा शहाणा. पाणी मारून रोलर फिरवला की छान बसतो, हे रस्त्याच्या कामावरचा कुठलाही मुकादम सांगेल. अडचण वरच्या सुट्या खड्यांची. मोटरच्या टोकाला धातूचा छोटा पिनियन असतो आणि त्याला लागून प्लास्टिकचा मोठा स्पर गिअर. या दोघांच्या मधे मुगाच्या दाण्याएवढा खडा शिरला की ‘कर्रर्र’ आवाज येतो; मोटर जोरात फिरत राहते आणि गाडी जागची हलत नाही. खोलून पाहावं तर गिअर सगळा धडधाकट, फक्त एका जागचे तीन-चार दात साफ. गिअर काही महाग नसतो. तो बदलायला गाडी किती खोलावी लागेल, हे मात्र बॉक्सवर छापत नाहीत. गिअरवर झाकण असतं. पहिल्या दिवशी ते काढून ठेवण्याची प्रथा आहे. ती पाळू नका.

एवढं वाचून भुसभुशीत मातीबद्दल तुमचं मत वाईट झालं असेल, तर थांबा. शिकायचं तिथेच. सुट्या मातीवर थ्रॉटल जरा जास्त दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि दोन चाकं ओढणारी बग्गी शेपूट फिरवून तुमच्याकडेच तोंड करून उभी राहते. पंधरा मिनिटांत बोट हलकं होतं. कोणत्याही व्हिडिओने ते होत नाही.

आता जाणत्यांची जमीन. कॅलिफोर्नियात डेल मारला 1985 साली एकास दहा ऑफ-रोडची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हापासून अमेरिकनांचा जीव चिकणमातीत. चिकणमाती चोपून चोपून फरशीसारखी कडक करायची, मग गाड्या त्याच त्या रेषेवरून धावून तिच्यावर रबराचा थर चढवतात. ती रेषा निळसर-काळी चमकते, म्हणून तिला ब्लू ग्रूव्ह म्हणतात. रेषेवर गाडी चिकटून चालते. वीतभर बाहेर गेलात की धुळीवरून थेट ट्रॅकच्या कडेला लावलेल्या पाइपवर. शिवाय ही माती दिवसभर मूड बदलते. पाणी मारल्या मारल्या निसरडी, थोडी वाळली की उत्तम, पुढे धूळ. म्हणून सकाळी उंच काट्यांचे टायर लावणारा माणूस दुपारी बुटक्या काट्यांचे लावतो आणि संध्याकाळी जवळजवळ गुळगुळीत.

ओलावा टिकावा म्हणून उघड्यावरच्या ट्रॅकवर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. आणि पकड वाढावी म्हणून काही बंदिस्त ट्रॅकवर चक्क साखरेचं पाणी मारतात. हसू नका. कोल्हापूरकडच्या तालमीत हौद्याच्या लाल मातीला तेल, ताक, हळद, लिंबू कोणी शोभेसाठी घालत नाही. मातीची मशागत ही दोन्हीकडे सारखीच गंभीर बाब आहे. मुंग्यांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करावा.

यापुढची पायरी ऐकून ऑफ-रोड या शब्दावरचा तुमचा विश्वास उडेल. बऱ्याच ठिकाणी आता मातीच नसते. सभागृहात करडा गालिचा अंथरतात, त्यावर उड्यांसाठी लाकडी उंचवटे ठेवतात आणि शर्यत लावतात. इंग्लंडात पूर्वी खऱ्या गवतावर धावायचे. पुढे खोटं गवत आलं, आणि 2015 साली जपानच्या याताबे अरीनात जागतिक स्पर्धाही खोट्या गवतावर झाली. धूळ नाही, चिखल नाही, गाडी पुसायला एक ब्रश पुरे. पकड मात्र इतकी की वळणावर गाडी घसरण्याऐवजी पलटी होते. त्यापायी गाड्याच बदलल्या. दोन चाकं ओढणाऱ्या बग्गीत मोटर पूर्वी मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असायची, वजन मागच्या चाकांवर पडावं म्हणून. जमीनच एवढी धरून ठेवायला लागल्यावर मोटर अ‍ॅक्सलच्या पुढे सरकली. मातीसाठी घेतलेली जुनी गाडी गालिच्यावर न्याल तर तिचा तळ खाली घ्या. मातीवर वीस-बावीस मिलिमीटर ठेवतात, इथे त्याहून बरंच कमी.

टायरचा खर्च आता काढून ठेवा. या टायरमध्ये हवा नसते, आत फोमचं कडं असतं आणि टायर रिमला सुपरग्लूने चिकटवलेला असतो. काटे झिजले की रिमसकट नवीन जोडी, किंवा जुने रिम उकळत्या पाण्यात टाकून गोंद सोडवण्याचा कुटीरोद्योग. त्यासाठी स्वयंपाकघरातलं पातेलं वापरायचं नाही, हे लिहावं लागतं म्हणून लिहिलं.

माझं मत विचाराल तर जागतिक स्पर्धा, साखर, ब्लू ग्रूव्ह सगळं विसरा. आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर लोक खरोखर रेस कुठे लावतात ते शोधा. रविवारी गाडी न घेता नुसते जा, तिथली जमीन पायाने उकरून बघा आणि चार जणांना टायर कोणते लावलेत ते विचारा. सांगतात सगळे, थांबवावं लागतं. जमीन ठरली की टायर ठरले, आणि टायर ठरले की गाडी. पहिल्या परिच्छेदातली सूचना पाळून झाली असेल तर आता गाडी विकून टाका; नवशिक्यांची गाडी घ्यायला दुसरा नवशिका नेहमी तयार असतो.

आणि हो, आपली शर्यत संपली की ट्रॅकमध्ये उभं राहून पुढच्या गटाच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या असतात. घोट्याएवढ्या उंचीवरून वेगाने गाड्या येतात. चप्पल नको, बूट घालून जा.