ओहमशास्त्री

सिगारेट सोडलेला माणूस सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा सिगारेटबद्दल जास्त बोलतो. ओहमशास्त्री त्यातले नव्हेत. विषय निघालाच तर 'ओढायचो पूर्वी' एवढं म्हणून ते मोकळे होतात आणि खिशातून गोळ्यांची जुनी डबी काढतात. डबीत सात-आठ चकाकती वेटोळी असतात. "यातलं कुठलं हाताने वळलंय, सांगा बघू?" उत्तर काहीही द्या. सगळीच हाताने वळलेली असतात.

शास्त्री इंग्लंडात, रेडिंगला राहतात. नोकरी अर्थातच आयटीतली. वय चाळिशीकडे झुकलेलं, उजव्या अंगठ्याचं टोक कायम भाजलेलं. या जातीचे लोक तुम्हाला स्लावला, मिल्टन कीन्सला, कुठेही भेटतील. त्यांची सुरुवात मात्र अगदी सज्जनपणे होते. सिगारेट सुटत नसेल तर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, वापरून बघा, असं तिथली सरकारी आरोग्यसेवाच सुचवते. शास्त्रींनी सल्ला मानला. मिलिलिटरला अठरा मिलिग्रॅम निकोटिनवरून ते सहावर आले, सहावरून तीनवर, तीनवरून शून्यावर. खरं म्हणजे गोष्ट इथे संपायला हवी होती. निकोटिन सुटलं, आता यंत्रही टाकून द्यायचं. पण तेवढ्यात आतलं तयार कॉइल, म्हणजे द्रव तापवणारं तारेचं वेटोळं, जळलं आणि दुकानदाराने सहज विचारलं, "स्वतःच का वळत नाही?" इंग्लंडातल्या त्या बिचाऱ्याला कोकणस्थांचा स्वभाव काय ठाऊक! पाच पौंड वाचतात म्हटल्यावर शास्त्रींनी दोनशे पौंडांची हत्यारं घेतली.

जोडीला घरचं ड्रिल मशीन होतंच. घरात ते पडद्याचा दांडा बसवायला म्हणून आलं. दांडा अजून खोक्यात आहे आणि पडद्याच्या जागी एक जुनी चादर आहे. ड्रिल मात्र रोज चालतं. कांथल नावाच्या मिश्रधातूच्या सव्वीस गेजच्या दोन तारा शेजारी-शेजारी ताणायच्या, एक टोक ड्रिलच्या तोंडात द्यायचं, दुसरं टोक टेबलाला बांधलेल्या गळाच्या भिरभिऱ्या कडीत अडकवायचं. (ही कडी मासे पकडणाऱ्यांच्या दुकानात मिळते. शास्त्री शुद्ध शाकाहारी, पण तिथले नेहमीचे गिऱ्हाईक.) मग ड्रिल अगदी हळू फिरवत केसासारखी छत्तीस गेजची तार त्या दोघींवर वेढ्याला वेढा लावून चढवायची. एक वेढा दुसऱ्यावर चढला की सगळं मुसळ केरात. या वेळात घरात कुणी शिंकायचं नाही. मुलीने एकदा 'बाबा' अशी हाक मारली होती. त्या कॉइलचा उल्लेख शास्त्री अजूनही भूतकाळात करतात.

या प्रकाराला क्लॅप्टन कॉइल म्हणतात, कारण तार गिटारच्या जाड तारेसारखी दिसते आणि एरिक क्लॅप्टन गिटार वाजवतात. शास्त्रींनी त्यांचं एकही गाणं ऐकलेलं नाही.

पुढचं काम त्याहून नाजूक. तीन मिलिमीटरच्या सळीवर पाच-सहा वेढे घेऊन कॉइल यंत्राच्या स्क्रूत आवळायचं आणि बटण क्षणभर दाबायचं. एखादा वेढा आधीच लाल झाला तर चिनी मातीच्या टोकांच्या चिमट्याने वेढे हलके खरवडायचे, चिमटीत दाबायचे, पुन्हा बटण दाबायचं. लाली मधोमध उमटून दोन्ही कडांकडे सारखी पसरली पाहिजे. ती तशी पसरली की शास्त्रींच्या तोंडून 'वाऽऽ' निघतं. हे 'वाऽऽ' बायकोच्या पुरणपोळीलाही मिळालेलं नाही, हे तिनेच मला सांगितलं.

त्यांना ओहमशास्त्री हे नाव पडलं ते मात्र हिशेबामुळे. कॉइल आणि बॅटरी यांची पत्रिका जुळल्याशिवाय ते गाठ बांधत नाहीत. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी ४.२ व्होल्टची. सर्किट नसलेल्या नुसत्या धातूच्या नळीत ०.२ ओहमचं कॉइल लावलं, तर एकवीस अँपिअर ओढले जाणार. बॅटरी वीस अँपिअरची असेल तर? "तर खिशात फटाका!" शास्त्री डोळे मोठे करतात. तेच ०.३ ओहम केलं की चौदा अँपिअर, सुमारे साठ वॅट. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी आजोबांना हे समजावताना मी त्यांना पाहिलंय. आजोबांनी शांतपणे मठ्ठा मागितला.

आणि एवढं करून वाफ? ती निघते, खरोखर निघते. तारेचा पृष्ठभाग जास्त, हवेला वाट मोठी, द्रवात व्हेजिटेबल ग्लिसरीन ऐंशी टक्के. समोरचा सोफा दिसेनासा होतो. 'धूर नाही, वाफ आहे,' असं ते बजावतात. छतावरच्या धुराच्या अलार्मला हा भेद अजून पटलेला नाही. (ही वाफ फुप्फुसांना निर्धोक आहे असं डॉक्टर म्हणत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो.) अमेरिकेत मध्यंतरी ढग सोडण्याच्या स्पर्धा भरायच्या, भिंतीवर मापं आखून. शास्त्री त्यात कधीच उतरले नसते. ते तीन झुरके घेतात, मान हलवतात आणि स्क्रू सोडायला लागतात. "जरा सावकाश तापतंय. पुन्हा वळतो." त्यांना वाफ लागतच नाही, वळायला काहीतरी लागतं, हे घरात फक्त त्यांना कळलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते पुण्याला आले. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळ्यावर बंदी. पहिल्याच गुन्ह्याला वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे सगळा संसार रेडिंगला राहिला. दोन दिवस बोटं शिवशिवली. तिसऱ्या दिवशी ते आईशेजारी बसून देवाच्या वाती वळू लागले. "आई, घट्ट झाली ही. तेल वर चढायचं नाही." साठ वर्षं वाती वळणाऱ्या बाईने मुलाकडे नुसतं पाहिलं.

मग तापकीर गल्लीच्या बाजूला मोटर वाइंडिंगच्या एका दुकानात ते जाऊन पोचले. गल्ल्यावरच्या काकांना मोबाइलवर आपल्या कॉइलचा फोटो दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून तो मोठा करून पाहिला.

"हात साफ आहे. किती गेज?"

"सव्वीस. अमेरिकन."

"इथे एसडब्ल्यूजी चालतं. मिलिमीटरमध्ये सांगा."

"पॉइंट चार."

"हां. वॅटेज?"

"साठ."

"साठ वॅटमध्ये काय तापवता?"

"थेंबभर द्रव. त्याची वाफ होते."

"मग?"

"मग... सोडून द्यायची."

"सोडून द्यायची," काका म्हणाले आणि त्यांनी कूलरची एक जळकी मोटर पुढे सरकवली. "बसा."

शास्त्री अडीच तास बसले. दुपारी बायकोचे चार फोन वाजून गेले. निघताना काकांनी चहा पाजला आणि विचारलं, "उद्या येता का साहेब? उन्हाळा आहे, मोटरी ढिगाने पडल्यात."

दुसऱ्या दिवशी मावसबहिणीचा साखरपुडा होता. शास्त्री साडेनऊलाच दुकानात हजर.