हिरवेपणाचे ऑडिटर

नानांची सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. जिल्ह्याजिल्ह्यात जायचं, सरकारी विश्रामगृहात उतरायचं आणि दुसऱ्यांनी केलेल्या खर्चावर पॅरे काढायचे. निवृत्तीनंतर काही दिवस वाणी, दूधवाला आणि सोसायटीचा खजिनदार यांच्यावर भागलं. मग वर्तमानपत्रांत हरित ऊर्जेच्या पुरवण्या येऊ लागल्या आणि नानांना हयातभर पुरेल असं दप्तर सापडलं. सूर्य, वारा, पाणी, ऊस, अणू, जो कोणी स्वतःला 'ग्रीन' म्हणवून घेईल त्याची तपासणी हल्ली कोथरूडच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर होते. त्यासाठी एक लांबडी वही आहे. तिच्यात चार रकाने: दावा, मूळ, दोष, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी आजवर एकच शब्द पाहिलाय, 'अमान्य'. पेनातली शाई तेवढी हिरवी.

खोटं सांगणार नाही, बनवाबनवी पकडण्यात नानांचा हात कोणी धरू शकत नाही. 'इको-फ्रेंडली' छाप मारलेली बांबूची डायरी कोणी भेट दिली, तर नाना आधी तिच्यावरचं प्लास्टिकचं वेष्टण काढून पुराव्यादाखल वहीत चिकटवतात. एका बिल्डरच्या माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत ग्रीन होम्स' असं छापलेलं होतं. नानांनी विक्री कार्यालयात जाऊन तिथली हिरवळ नखाने उचकटून पाहिली. नायलॉनची निघाली. भ्रामक हरित दाव्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढली. त्या तत्त्वांची छापील प्रत नानांच्या पिशवीत कायम असते. विक्रीवाल्या मुलीने ती हातात घेऊन 'सर, हे तुमचं बुकिंग फॉर्म आहे का?' असं विचारलं होतं.

इथवर आम्ही सगळे नानांच्या बाजूचे. अडचण पुढे सुरू होते, कारण खोटं संपलं तरी नाना थांबत नाहीत. नायलॉनची हिरवळ आणि छतावरचं सौर पॅनेल यांना ते एकाच फूटपट्टीने मोजतात.

एकदा मी सहज म्हणालो, "नाना, आपली कोयना तरी हिरवी ना?" झालं! वही उघडली. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट. पण 25 मेगावॉटच्या वरचा जलविद्युत प्रकल्प आपल्याकडे बरीच वर्षं अक्षय ऊर्जेत धरतच नसत. मार्च 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवलं की मोठे प्रकल्पही अक्षय. "धरण तेच, पाणी तेच, टर्बाइन तेच," नाना म्हणाले, "आणि एका बैठकीत पंगत बदलली. असं कुठे असतं?"

"मग तुम्हाला आधीचा नियम मान्य की नंतरचा?"

"दोन्ही अमान्य. लहान प्रकल्प हिरवा आणि मोठा काळा, याला काय आधार? आणि मोठा हिरवा म्हणाल, तर पाण्याखाली गेलेल्या गावांचा हिशेब कुठल्या रकान्यात टाकू?"

यावर काय बोलणार? नानांची हीच तर पंचाईत आहे. त्यांचा प्रत्येक पॅरा सुटा वाचला तर बिनचूक असतो. युरोपीय संघाने 2022 मध्ये गॅस आणि अणुऊर्जा यांना अटी घालून हरित गुंतवणुकीच्या यादीत बसवलं, ही गोष्ट नानांना साडेतीन मुहूर्तांपैकी एक सापडावा तशी सापडली आहे. इथेनॉल? वीस टक्के मिसळलं म्हणून पेढे वाटता, पण उसाला पाणी कुठलं? कारखान्याची बगॅसवरची वीज? हंगाम संपल्यावर बॉयलरमध्ये काय जळतं ते जाऊन बघा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या? त्यांची पाती फायबरग्लासची, मोडीत काढली की जाणार कुठे? विजेची गाडी? देशातली सुमारे पाऊण वीज अजून कोळशावरची, म्हणजे धूर फक्त कोथरूडहून चंद्रपूरला हलवला. सगळं अमान्य.

एवढी कडक तपासणी करणाऱ्याचं घर कसं असेल, अशी उत्सुकता तुम्हाला वाटणं साहजिक आहे. नानांच्या घरात चोकवाली ट्यूब आहे, पाऊणशे वॉटचा पंखा आहे आणि नातवापेक्षा वयाने मोठा फ्रिज आहे. हल्ली तिशीतल्या वॉटवर चालणारे बीएलडीसी पंखे मिळतात, वारा तितकाच देतात. नानांनी दुकानात जाऊन तसा एक उघडायला लावला आणि विचारलं, "यातलं चुंबक कुठून येतं?" दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीतून." पंखा अमान्य. न्हाणीघरात दोन हजार वॉटचा गिझर रोज अर्धा तास चालतो. म्हणजे रोज एक युनिट. आपल्या ग्रिडच्या हिशेबाने त्यामागे जवळजवळ पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड. काकूंनी एकदा विचारलंही, "अहो, मग गच्चीवर सोलर हीटर का नाही बसवत?" नाना म्हणाले, "तांब्याच्या खाणींचा प्रश्न आधी सुटू दे." तोवर गिझर चालू. गिझरची तपासणी होत नाही, कारण गिझरने कधी हिरवा असल्याचा दावाच केलेला नाही!

आणि मग सोसायटीच्या सौर प्रकल्पाची सभा भरली.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. तिच्यात गृहनिर्माण संस्थांनाही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. सचिवांनी वीस किलोवॉटचा प्रस्ताव आणला. किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि सरासरी चार युनिट रोजचे मिळतात, हे गणित पहिल्या रांगेतल्या जोशीणबाईंनाही तोंडपाठ झालं होतं. कंपनीचा मुलगा लॅपटॉप घेऊन उभा राहिला आणि नानांनी चष्मा पुसला. चष्मा पुसला की सभा लांबणार, हे आम्हाला माहीत असतं.

"पॅनेल कुठलं?"

"इंडियन आहे सर, डीसीआर, म्हणजे देशी बनावटीच्या अटीतलं. त्याशिवाय अनुदान मिळत नाही."

"आतला सेल?"

"तोसुद्धा इंडियन सर."

"आणि सेलच्या आतला वेफर?"

मुलगा घुटमळला. वेफर बहुधा बाहेरूनच येतो. जगातल्या पॅनेल उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर गेलाय, हे त्यालाही ठाऊक होतं. सोसायटीच्या सभेत त्याच्यावर जबाब द्यायची वेळ येईल, हे तेवढं ठाऊक नव्हतं.

"चौकट ॲल्युमिनियमची ना? ते कुठल्या विजेवर वितळवलं?"

"सर, मी सेल्सला आहे."

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची, अभियांत्रिकीला असलेली मुलगी उठली. तिच्या फोनवर हवामानविषयक आंतरसरकारी मंडळाचा, म्हणजे आयपीसीसीचा 2014 चा तक्ता होता. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून एका युनिटमागे किती कार्बन पडतो त्याचे मध्यम आकडे: कोळसा 820 ग्रॅम, छतावरचं सौर 41, अणू 12, जमिनीवरची पवनचक्की 11. "आजोबा, तुमचं ॲल्युमिनियम, वेफर सगळं यात धरलंय," ती म्हणाली.

नाना विजयी मुद्रेने सभेकडे वळले. "ऐकलंत? एक्केचाळीस! म्हणजे शून्य नाही. मग हे झिरो-झिरो काय लावलंय?"

"पण आजोबा, आत्ता आपण आठशेवीसवर बसलोय."

"ते जुनं आहे. चालू हिशेबात जुनी बाकी ओढू नये."

मला वाटतं, सगळा मामला या एका वाक्यात आहे. नानांच्या वहीत नव्याला पुरावा लागतो आणि जुन्याला वहिवाट पुरते. चाळिसातला दोष भिंगातून दिसतो आणि आठशेचा डोंगर घरचा म्हणून दिसत नाही. अशी माणसं तुम्हालाही भेटली असतील. सगळीच सोसायटीत राहतात असं नाही, काही धोरणं ठरवणाऱ्या समित्यांवरही असतात आणि तिथे त्यांच्या चष्मा पुसण्याला 'सखोल अभ्यास' म्हणतात.

ठराव त्या सभेत तहकूब झाला, पुढच्या सभेतही झाला आणि शेवटी बहुमताने मंजूर झाला. नानांची विरोधी नोंद इतिवृत्तात दोन पानं आहे. पण ती दोन पानं मी नीट वाचली आहेत. टाकीची सावली दुपारनंतर दोन पॅनेलांवर पडेल आणि एकाच साखळीत जोडल्यामुळे बाकीच्यांची वीजही खाली ओढेल, असं तिसऱ्या मुद्द्यात लिहिलं होतं. कंपनीच्या नकाशात टाकी दाखवलीच नव्हती. पॅनेलं सरकवली गेली. धूळ आणि कबुतरांची घाण कोणी धुवायची, हे करारात नव्हतं, ते घातलं. पॅनेलं थकली की भंगार कोणी उचलायचं, तेही घातलं. 2022 च्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलं येतात, हे कंपनीच्या मुलाला नानांनीच सांगितलं. आता दर रविवारी नाना गच्चीवर जाऊन पॅनेलांवर बोट फिरवतात आणि बोट सचिवांना दाखवतात. गिझर अजून तोच आहे.

तेव्हा तुमच्या सोसायटीत सौर प्रकल्पाचा विषय निघणार असेल, तर एक नाना शोधून समितीवर जरूर घ्या. फक्त अध्यक्ष करू नका, आणि मतदानाची तारीख त्यांचा चष्मा निघायच्या आत ठरवून टाका.