रेडिओ बघायचा असतो

१९३०च्या सुमारास अमेरिकेत मोटारींमध्ये रेडिओ बसू लागला, तेव्हा चालकाचं लक्ष उडेल म्हणून त्यावर बंदी घाला, अशी ओरड झाली. त्या रेडिओला निदान बटण होतं. न बघता पिळता यायचं. आता प्रगती झाल्यामुळे अनेक गाड्यांत स्टेशन बदलायलाही टचस्क्रीनच्या पडद्यात डोकं घालावं लागतं. ताशी ८० किलोमीटर वेगात २ सेकंद नजर हटली, की गाडी ४४ मीटर आंधळी धावते. स्टीअरिंगवर बटणं दिलीत की, असं कंपन्या म्हणतील. दिलीत खरी, पण आवाज कमी-जास्त करण्यासारखी मोजकी कामं सोडली, तर बाकीच्यांना पुन्हा पडदाच. तेव्हा निघण्याआधीच स्टेशन लावा, आणि मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल इतपतच आवाज ठेवा.