गलबताची सेवापुस्तिका

अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीला समुद्र नाही. पण तेवढ्यावरून गावाने आरमाराच्या प्रश्नातून अंग काढून घेऊ नये. अमेरिकेच्या ‘गनबोट नंबर एक’ला १८०४च्या सप्टेंबरातल्या वादळाने सव्हाना शहराजवळच्या मक्याच्या शेतात नेऊन टेकवलं होतं. राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना स्वस्तातलं आरमार हवं होतं. त्यांनी पुढच्या काही वर्षांत अशा पावणेदोनशेच्या आसपास बोटी बांधून घेतल्या. पाण्यात नाही तर निदान जमिनीवर तरी यांचा उपयोग होवो, अशी विरोधकांनी शुभेच्छा दिली. मका अंबड तालुक्यातही होतो.

आपल्या गलबताला वादळाची गरज पडली नाही. त्याला स्वतःचं सरकार पुरलं.

मराठ्यांच्या आरमारातल्या आंग्र्यांचं गलबत म्हणजे फार तर सत्तर टनांचं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, सहा-आठ लहान तोफांचं. वारा पडला की युरोपियनांची अगडबंब जहाजं जागीच खोळंबत. मग गलबतं आपल्या ‘गुराब’ नावाच्या मोठ्या लढाऊ जहाजांना दोरांनी ओढत शत्रूच्या पिछाडीला नेऊन उभी करत. १७५४ साली तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराने डचांची तीन जहाजं गाठली. दोन जळाली, एक हाती लागलं. कामगिरी वरिष्ठांच्या नजरेत भरली. सरकारी नोकरीत त्यानंतर काय होतं, ते वाचक जाणतात.

तुळाजी काही संत नव्हते. पुण्याला, म्हणजे पेशव्यांना, ते जुमानत नसत. न जुमानणाऱ्यांची समजूत काढायची सरकारची रीत आता वेगळी आहे. अंतरवाली सराटीत २०२३ साली मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणात आधी लाठी चालली, मग शिष्टमंडळांची रीघ लागली, शेवटी मुख्यमंत्री स्वतः उपोषण सोडवायला आले. नानासाहेब पेशव्यांनी मात्र तुळाजींविरुद्ध थेट मुंबईकर इंग्रजांशी करार केला. १७५५त कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६त ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींनी पूर्वी पकडलेलं इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ जहाज बंदरातच उभं होतं. गोळा लागून ते पेटलं, आग पसरली आणि आंग्र्यांच्या आरमाराची एकरकमी सेवानिवृत्ती झाली.

किल्ल्यातली दहा लाखांच्या आसपासची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. खंडोजी माणकरांची मराठी फौज बाहेर ताटकळली. मित्रपक्षाला वाट्यात धरण्याची प्रथा तेव्हाही नव्हती. पुण्याला कैदी तुळाजी मिळाले. ऑक्टोबरात तह होऊन किल्लाही मिळाला, बाणकोट मात्र इंग्रजांकडेच राहिलं. क्लाइव्ह यांची पुढे बंगालकडे रवानगी झाली. जून १७५७मध्ये त्यांनी प्लासी जिंकली.