हॉटेल तेच, जेवण वेगळं

डहाणूतल्या कुठल्याही गाजलेल्या हॉटेलाविषयी चार जणांना विचारा. पहिला म्हणेल, असे बोंबील मुंबईत खायला मिळत नाहीत. दुसरा म्हणेल, मालक स्वतः येऊन विचारपूस करून गेला. तिसरा सांगेल, पाऊण तास बसवून ठेवलं आणि गार भाकरी आणून आपटली. चौथा काही न बोलता हात झटकेल. मग कोणीतरी समजुतीने म्हणतं, चालायचंच, ज्याची त्याची आवड.

मला हे मान्य नाही. चौघेही खरं बोलतात, आणि त्यात आवडीनिवडीचा संबंध फारसा नाही. वार वेगळा होता, टेबल वेगळं होतं. आणि चौघे आत शिरले तेव्हा गल्ल्यावरून त्यांच्याकडे टाकलेली नजर वेगळी होती.

आधी वाराचं बोलू. सरावलीसारख्या गावातून आम्ही बाहेर जेवायला निघालो की डहाणू गाठतो, नाहीतर चारोटी नाका. मधल्या वारी हीच हॉटेलं सुखाची असतात. आचाऱ्याला तव्यावरचा मासा उलटायला वेळ असतो, वेटरला पाणी भरायचं भान असतं. रविवारी हीच हॉटेलं बदलतात. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल थेट डहाणू रोडला येते. अहमदाबाद महामार्गाने एकीकडून मुंबई-ठाणे उतरतं, दुसरीकडून वापी-वलसाड. मालक अंगणात टेबलं मांडतो, झाडाखाली मांडतो, पार्किंगमध्येही मांडतो. भटारखान्यात मात्र शेगड्या होत्या तेवढ्याच राहतात. तंदूर एकच. तवा एकच. मासे साफ करणारी बाईसुद्धा एकच.

मग जे व्हायचं ते होतं. लाल, पिवळी, पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळीच पातेली भरभरून तयार असतात आणि दुपारी त्यांतूनच दहा नावांच्या भाज्या निघतात. रवा लावलेला मासा आधीच अर्धवट तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा तेलात सोडतात. वरून कुरकुरीत, आतून कोरडा. गर्दी आहे म्हणून चालवून घ्या, असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं. पण गर्दी दर रविवारी येते. जी गोष्ट दर आठवड्याला ठरल्या वेळी येते तिला अडचण म्हणत नाहीत. तिची तयारी करतात. तयारी करायची नसेल तर टेबलं कमी मांडावीत. जेवढे तवे तेवढीच माणसं बसवावीत, बाकीच्यांना दारातच खरी वेळ सांगावी. ‘दहा मिनिटं’ सांगून तासभर उभं करणं ही फसवणूक आहे, आणि तिला दुसरं नाव देण्याचं कारण मला दिसत नाही.

मुंबईत माटुंगा स्टेशनाबाहेर रामा नायक यांचं श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. तिथेही रांग असते. पण माणसाच्या हातात कूपन असतं, त्याचा नंबर लागतो आणि नंबर आला की पान वाढलं जातं. मागून मोठी गाडी घेऊन आलेला पुढे जात नाही. गर्दी आणि न्याय एका छपराखाली नांदू शकतात, याचा हा चालता-बोलता पुरावा आहे. आमच्याकडे एक वही आणि एक पेन ठेवलं तरी भागेल. नावं लिहा, क्रमाने हाक मारा.

आता माशाचं. मेनूकार्डावर पापलेटापुढे किंमत नसते, ‘साइझप्रमाणे’ एवढंच असतं. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. मासा लहानमोठा असतो, बंदरावरचा भाव रोज बदलतो, त्यामुळे कायमची किंमत छापता येत नाही, हे मी समजू शकतो. पण मासा ताटात येईपर्यंत साइझ कळत नाही आणि बिल येईपर्यंत भाव कळत नाही, हे का सोसायचं? धाकटी डहाणू, झाई, चिंचणी, सातपाटी ही बंदरं हाकेच्या अंतरावर. तिथली कोळीण पाटीतला मासा हातात देते, कल्ले उघडून दाखवते, मग भाव बोलते. तिच्याकडचा मासा विकत घेणाऱ्या हॉटेलाने तिच्याइतकी उघड वागणूक गिऱ्हाइकाला द्यायला काय हरकत आहे? कच्चा मासा टेबलावर आणून दाखवावा, वजन सांगावं, भाव सांगावा, हो म्हटल्यावर तव्यावर टाकावा. काही हॉटेलांत ही पद्धत आहे आणि त्यांच्याविषयी तक्रार कमी ऐकू येते.

‘ताजा’ या पाटीचंही पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात खाडीतलं थोडंफार आणि बिगरयांत्रिक होड्यांनी आणलेलं मिळतं. बाकी बरंचसं बर्फातलं किंवा बाहेरून आलेलं असतं. जुलैच्या मध्यावर एखाद्या हॉटेलात पन्नास टेबलांना ताजं पापलेट मिळत असेल तर ते कुठून आलं, हे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. बर्फातला मासा खाण्यात कमीपणा काहीच नाही. तो ताजा म्हणून विकण्यात आहे. २०२३ मध्ये सरकारने पापलेटाला राज्यमासा ठरवलं. निदान राज्यमाशाविषयी तरी दारावरच्या पाटीने खरं बोलावं.

बिलाकडे येऊ. सेवाशुल्क आपोआप बिलात घालायचं नाही, दुसऱ्या नावाखाली वसूल करायचं नाही, ते द्यायला नकार दिला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या. हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि दंडही ठोठावला.

त्यांतल्याच एका संघटनेचा आधीचा खटला मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकायची मुभा हॉटेलवाल्यांना हवी होती. युक्तिवाद असा की गिऱ्हाईक नुसतं पाणी घेत नाही. बसायची जागा, वाढणारा माणूस, पंखा, वातावरण हे सगळं त्यात येतं. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. ठीक. मग सेवा जर बाटलीच्या दरातच आली, तर बिलाच्या तळाशी तिच्यासाठी वेगळे दहा टक्के कशाचे? एका न्यायालयात सेवा दरात धरलेली आहे म्हणायचं आणि दुसऱ्यात ती वेगळी मागायची, या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने बोलता येत नाहीत. वेटरला खुशीने टिप द्या, त्याच्या हातात द्या. तो अनेकदा घरापासून लांब आलेला पोरगा असतो, बारा-बारा तास उभा असतो. गल्ल्यात जमा झालेल्या सेवाशुल्कातलं त्याच्यापर्यंत किती पोचतं, हे त्यालाच विचारा.

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी पाच टक्के. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून तो घेताच येत नाही. बिलावर जीएसटी क्रमांक नाही आणि कर मात्र लावलाय, असं दिसलं तर देऊ नका. खाद्यपरवान्याचा चौदा आकडी क्रमांकही २०२२ पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. कोऱ्या चिठ्ठीवर पेनाने ओढलेली बेरीज म्हणजे बिल नव्हे.

पण वार, मासा आणि बिल यांहून मला जास्त लागतं ते वेगळंच आहे. डहाणू-तलासरी हा वारल्यांचा मुलूख. हॉटेलांच्या भिंतींवर वारली चित्रं असतात, तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं. मुंबईचं गिऱ्हाईक त्या भिंतीपुढे फोटो काढतं. आणि त्याच हॉटेलात बाजार उरकून आलेलं एखादं वारली कुटुंब शिरलं की वेटर विचारतो, “पार्सल का?” बसले तर कोपऱ्यातलं, मोरीजवळचं टेबल. मेनूकार्ड देण्याआधी भाव तोंडी सांगितला जातो, म्हणजे परवडत नसेल तर उठावं. नंतर आलेल्या दोन टेबलांचं जेवण आधी येतं. कोणी अपशब्द बोलत नाही, कोणी दार अडवत नाही. फक्त उशीर होतो, आणि तो नेहमी त्यांनाच होतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशाला अटकाव करता येणार नाही. देशाचा मूलभूत कायदा लिहिताना हॉटेलची गोष्ट त्यात घ्यावी लागली, कारण कोणाला आत घ्यायचं, कोणाला वेगळ्या कपात बाहेर चहा द्यायचा, हे या देशात जातीवर ठरत होतं. १९५५ मध्ये अस्पृश्यतेविरोधी कायदा आला, त्यानेही हॉटेलचं दार उघडं केलं. दारातून आत आल्यावर माणसाला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे मात्र अजून गल्ल्यावरच ठरतं. १९४५ मध्ये याच भागात वेठबिगारीविरुद्ध वारली उठले. त्यांच्या नातवंडांना पैसे मोजून घेतलेल्या जेवणासाठी शेवटी थांबायला लावणं मला लाजिरवाणं वाटतं.

मेनूकार्डातही तेच. पनीर आहे, मंचुरियन आहे, पंजाबी आहे, गुजराती थाळी आहे. नागलीची भाकरी शोधावी लागते, सुक्या बोंबलाची चटणी मागावी लागते, पावसाळ्यातल्या रानभाज्यांचं नावसुद्धा नसतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं त्याला बरीच वर्षं झाली, तरी गोडात मिळतो तो गुलाबजामच. या चिकूवाड्या वाढवण्यात इराणहून आलेल्या झरतुष्ट्री घराण्यांचा मोठा वाटा. त्यांच्याच बांधवांनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर इराणी हॉटेलं काढली. तिथल्या संगमरवरी टेबलावर कारकून, टॅक्सीवाला आणि कॉलेजचा पोरगा शेजारी-शेजारी बसत, एकाच दराचा चहा पीत. बॅलार्ड इस्टेटचं ‘ब्रिटानिया’ १९२३ सालचं. ती परंपरा ज्यांच्या वाडीच्या कुंपणापर्यंत आली आहे, त्या डहाणूच्या हॉटेलांना तिचा धडा दूर जाऊन शिकायची गरज नाही.

गिऱ्हाइकांनाही दोन शब्द. चुटकी वाजवून वेटरला बोलावू नका. जेवण झाल्यावर, बाहेर लोक उभे असताना, टेबल अडवून गप्पा मारू नका. चार माणसांत सात भाज्या मागवून निम्म्या टाकू नका. आणि मधल्या वारी मिळालेल्या चांगल्या जेवणावरून रविवारी गेलेल्या माणसाला खोटं ठरवू नका.

हॉटेलवाल्यांकडे माझी मागणी मोठी नाही. दारात नावांची वही, टेबलावर कच्चा मासा आणि त्याचा भाव, छापील बिल, आणि जो आधी आला त्याला आधी जेवण, मग तो कोणीही असो. वाचकांनो, पुढच्या रविवारी डहाणूत जेवायला बसलात आणि तुमच्या आधी आलेलं कोपऱ्यातलं कुटुंब अजून थांबलेलं दिसलं, तर वेटरला तुमचं ताट आधी तिकडे न्यायला सांगा. बिलात सेवाशुल्क दिसलं तर काढायला लावा. नाही काढलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.