हरवण्याची सोय

हरवायला आधी जागा लागते. नेदरलँड्समध्ये तिचीच वानवा. युरोपातल्या त्यांच्या भूमीवरचा सगळ्यांत उंच ‘डोंगर’ फाल्सरबर्ग, 322 मीटर. आपलं कळसूबाई 1646! वेलुवेच्या जंगलात वाट चुकावी म्हटलं, तर वळणावर गुडघ्याएवढी पांढरी अळंबी हजर. हा अळंबीच्या आकाराचा दिशादर्शक. अशा अळंब्या 1919 पासून उगवताहेत आणि प्रत्येकीला क्रमांक आहे. वाकून गावाचं नाव आणि अंतर वाचायचं, की संपलं साहस.

म्हणून बिचाऱ्यांना हरवण्याचीही व्यवस्था करावी लागते. तिचं नाव ‘ड्रॉपिंग’. शिबिरातल्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना, कधी डोळ्यांवर पट्टी बांधून, रात्री रानात सोडतात : या आता चालत! मोठी माणसं फार तर लांबून पाळत ठेवतात. आणि आईवडील शिबिराची फी भरून घरी निवांत झोपतात.

आपल्याकडे एवढी यातायात नाही. पाण्याची अर्धी बाटली, गुळगुळीत तळाचे बूट आणि ‘मला रस्ता माहितीये’ म्हणणारा एक मित्र, एवढ्यावर भागतं. पुढचं लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक बघतात. हातातलं काम टाकून, दोर खांद्यावर घेऊन ते भर पावसात दरीत उतरतात. वर आलेला वीर आधी सेल्फी काढतो, मग आभार मानतो. तेही आठवलं तर.

डच पोर पहाटे चिखलाने माखून परततं. आपल्याला कुणी शोधायला आलं नाही, याचाच त्याला अभिमान. आपल्याला अभिमान, शोधायला किती जण आले याचा.