“काय त्रास न्हाई बघा”

कबुतरं पाळणारा माणूस चालताना आभाळाकडं बघतो, कुत्रं पाळणारा मागं रेलून चालतो. पायाखाली बघत, एकेक पाऊल जपून टाकणारा माणूस दिसला की समजावं, ह्याच्या घरी बदकं आहेत. आमच्या गल्लीतले अण्णा या तिसऱ्या जातीचे. पँट नडगीपर्यंत दुमडलेली, खिशात मूठभर मटार, आणि ‘कसं चाललंय?’ म्हटलं की ठरलेलं उत्तर, “काय त्रास न्हाई बघा.”

हे उत्तर ते दिवसातलं चौथं घमेलं उपसताना देतात. बदकाला पाणी नुसतं प्यायला पुरत नाही. डोकं बुडवून डोळे-नाकपुड्या धुवायला लागतं. शिवाय ते खाद्याचा घास घेतं, घमेल्याशी पळतं, पाण्यात खळबळवतं आणि मग गिळतं. त्यामुळं सातला भरलेलं स्वच्छ पाणी सव्वासातला आमटी झालेलं असतं. उरलेली आमटी अंगणात सांडून ती मंडळी त्याचा चिखल करतात आणि त्या चिखलात चोची खुपसून इतक्या गंभीरपणे काहीतरी शोधतात, की जणू तिथं कुणाची अंगठी पडलीय.

बदकंही साधी नाहीत. कॉल डक. पाळीव बदकांतली सगळ्यात लहान जात. वजन पाऊण किलोच्या आत, चोच आखूड, गाल फुगलेले. लांबून बघितलं तर कापसाची खेळणी. युरोपात एकेकाळी रानबदकांना हाकारून शिकाऱ्याच्या टप्प्यात आणायला ही पाळत. म्हणजे ओरडणं हा यांचा पिढीजात धंदा, आणि तो त्यांनी आमच्या गल्लीतही पहाटे साडेपाचला निष्ठेनं चालू ठेवलाय. ओरडते ती मादी. नराचा आवाज प्रचार संपलेल्या उमेदवारासारखा बसलेला असतो. त्याच्या शेपटीवर एक कुरळं पीस असतं, तेवढीच त्याची मिजास.

आता हे कोल्हापूर. तांबड्या-पांढऱ्याच्या गावात अंगणात पक्षी फिरतो आणि वर्षानुवर्षं नुसता फिरतच राहतो, ही गोष्ट लोकांना पचत नाही. पाहुणा येतो, कौतुकानं बघतो, आणि चहाचा दुसरा घोट घेता घेता विचारतो, “चवीला कसं असतंय?” त्या पाहुण्याला तिसरा घोट मिळत नाही. अण्णा कप काढून घेतात.

पिल्लं द्यायची वेळ आली की अण्णा मुलीचे बाप होतात. अंगण किती? कुत्रं आहे का? रात्री कोंडायला दार आहे का, की नुसतं पोतं लावणार? पाव घालणार का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा तिथंच बाद. पावानं पोट भरतं, पोषण होत नाही, यावर पाऊण तासाचं व्याख्यान ऐकून तो रिकाम्या हातानं जातो. एवढं करून स्थळ पसंत पडतं मादीला. नर कुणालाच नको असतात. एका नराला तीन-चार माद्या असल्या तरच घरात शांतता, नाहीतर ते माद्यांच्या मानेवरची पिसं उपटतात. आणि अंड्यांतून तर निम्मे नर निघतात. तेव्हा अण्णा भेटवस्तू म्हणून नर वाटतात. वास्तुशांतीला ते हातात पिशवी घेऊन येताना दिसले, की यजमान आधी पिशवी हलतेय का बघतो.

खरी मजा उबवणीची. अण्णा वीज खात्यात तीस वर्षं होते. कुणाचं लग्न असो की दहावीची परीक्षा, थकबाकीदाराचं कनेक्शन तोडताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. त्याच अण्णांनी निवृत्तीनंतर थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून उबवणी यंत्र केलं. ३७.५ अंश तापमान, आत पाण्याची वाटी, दिवसातून चार-पाचदा अंडी फिरवायची, आणि हे २६ ते २८ दिवस. एकविसाव्या दिवशी पावसात तार तुटली आणि गल्ली अंधारात गेली. अण्णांनी पेटीवर लग्नातली शाल, तिच्यावर वाकळ टाकली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या आणि हाताखालच्या जुन्या पोरांना फोनवर जे सुनावलं, ते पूर्वी त्यांना ग्राहक सुनावायचे. शब्दही बरेचसे तेच होते.

अंड्याला मोबाईलची बॅटरी लावून ते आतल्या तांबड्या शिरा दाखवतात. बघणाऱ्यानं “वा!” म्हणायचं असतं. मी एकदा “कोळ्यासारखं दिसतंय” म्हणालो, तर आठ दिवस बोलणं बंद.

शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात, पण अण्णांना राहवत नाही. मग ते अंड्यांऐवजी स्वतः फिरतात, पेटीभोवती, पायात करकरणारी कोल्हापुरी घालून. या जातीची चोच आखूड, त्यामुळं कवच फोडता फोडता पिल्लू दमतं. अण्णा हातात चिमटा घेऊन उभे. पण घाई केली तर रक्त येतं, म्हणून चिमट्याचा हात पाठीमागं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवरा उभा असतो तसे, फक्त दर दोन मिनिटांनी दार उघडून बघणारे.

या खेपेला पाच निघाली. जन्मल्यावर समोर जे हलताना दिसेल त्याला ही मंडळी आई मानतात. हंसकुळातल्या पिल्लांवर हाच अभ्यास करणाऱ्या कोनराड लोरेंझ यांना १९७३ साली नोबेल मिळालं. अण्णा म्हणूनच नवा सदरा घालून समोर बसले होते. पण बदकाचं पिल्लू अंड्यात असल्यापासूनच बाहेरचे आवाज ऐकत असतं, आणि यांनी आत बसून काय ऐकलं होतं? कर्र, कर्र. अण्णा अनवाणी गेले तर पिल्लं ढिम्म. चप्पल वाजली की पाचही एका ओळीत मागं.

परवा काही कामानं त्यांच्याकडं गेलो. आतून कर्र-कर्र आवाज येत होता, म्हणून हाक मारली, “अण्णा!”

बाहेर आल्या वहिनी. गेली चार वर्षं ‘एक तर ही राहतील, नाहीतर मी’ म्हणणाऱ्या. पायात त्यांच्या मापापेक्षा तीन बोटं मोठी कोल्हापुरी, हातात लाटणं, मागं पाच पिल्लं.

“हे सांगलीला लग्नाला गेलेत,” त्या म्हणाल्या. “स्लिपरवर गेलेत.”

मी चपलेकडं बघत राहिलो.

“काय त्रास न्हाई बघा,” वहिनी म्हणाल्या, आणि कर्र-कर्र करत चपात्या करायला आत गेल्या. मागोमाग पाचही.